दक्षिण आशियाई देशांतील नागरी भूक्षेत्राची तुलना : एक चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक

एखाद्या देशातील किती जमीन शहरांखाली आहे, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. शेतजमीन, वनक्षेत्र, पडीक जमीन यांचे आकडे जसे सारणीत मांडले जातात, तसाच नागरी भूक्षेत्राचाही एक रकाना असावा आणि त्यावरून शेजारी देशांचा क्रम लावता यावा, अशी अभ्यासकाची स्वाभाविक अपेक्षा असते. भूगोल व अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांतून, प्रकल्प अहवालांतून आणि चर्चासत्रांतील निबंधांतून भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका यांची अशी तुलना वारंवार केली जाते. जागतिक बँकेच्या विकास निर्देशकांत नागरी भूक्षेत्राचा स्वतंत्र निर्देशक आहे. राष्ट्रीय जनगणनांचे आकडेही सहज मिळतात. सारणी तयार होते, स्तंभालेख काढला जातो आणि नेपाळ हा या भागातील सर्वाधिक, तर श्रीलंका सर्वांत कमी नागरीकरण झालेला देश, असा निष्कर्ष निघतो. कोलंबो ते नेगोंबो या किनारपट्टीवरील जवळजवळ सलग वस्ती आणि नेपाळच्या डोंगराळ नगरपालिकांच्या हद्दीतील पायऱ्यापायऱ्यांची शेते यांची ज्याला माहिती आहे, त्याला हा निष्कर्ष मान्य होणे कठीण आहे.

चूक बेरजेत नाही. ज्या गोष्टीची बेरीज केली जाते ती गोष्टच प्रत्येक देशात निराळी आहे. प्रस्तुत लेखात या तुलनेमागील व्याख्या, त्यांचा इतिहास, त्यांना पर्याय म्हणून पुढे आलेली उपग्रहाधारित मापने आणि या सर्वांचे व्यावहारिक परिणाम यांचा परामर्श घेतला आहे. नागरी भूक्षेत्राचे जे आकडे शेजारीशेजारी मांडले जातात, ते बहुतांशी त्या त्या देशातील जमिनीविषयी नसून तेथील कायद्याविषयी असतात, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

एकाच जनगणनेचे वारस

भारत, पाकिस्तान व बांगलादेश या तिन्ही देशांच्या जनगणनेचे मूळ एकच आहे. ब्रिटिश अमदानीत १९०१ च्या जनगणनेसाठी शहराची जी व्याख्या ठरली, तीत नगरपालिका, सिव्हिल लाइन्स, छावणी आणि किमान पाच हजार लोकवस्तीचा सलग घरांचा समूह यांचा समावेश होता. शेवटच्या प्रकारात अमुक वस्तीला शहर मानावे की नाही, याचा निर्णय प्रांतिक जनगणना अधीक्षकावर सोपविलेला होता. म्हणजे व्याख्येत आरंभापासूनच दोन तत्त्वे एकत्र नांदत होती. एक, सरकारने ज्याला शहर म्हटले ते शहर. दुसरे, जे शहरासारखे दिसते व वागते ते शहर. फाळणीनंतरच्या काळात या दोन तत्त्वांपैकी कोणी कोणते उचलले, यावरच पुढची सगळी आकडेवारी अवलंबून राहिली.

भारताने दोन्ही ठेवली. १९६१ पासून दुसऱ्या तत्त्वाला मोजमापाची चौकट मिळाली. आज वैधानिक नगरांखेरीज ज्या वस्तीची लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असतील, तिला जनगणना नगर मानले जाते. (या कसोटीत फक्त पुरुषांचे काम मोजले जाते. घरातील पुरुष कारखान्यात आणि स्त्रिया शेतात, हे चित्र देशाच्या फार मोठ्या भागात सर्रास आढळत असताना, वस्तीचे स्वरूप ठरविताना स्त्रियांचे काम हिशेबातच नसावे, हे भूगोलाच्या अभ्यासकांना जितके खटकायला हवे तितके खटकलेले दिसत नाही.)

पाकिस्तानातही प्रारंभी किमान पाच हजार लोकवस्तीचा निकष होता. १९८१ च्या जनगणनेत तो सोडून देण्यात आला व महानगर निगम, नगरपालिका, छावणी अशा प्रशासकीय दर्जालाच नागरी मानले जाऊ लागले. १९९८ मध्ये ३२.५, २०१७ मध्ये ३६.४ आणि २०२३ मध्ये ३८.८ टक्के लोकसंख्या नागरी, हे पाकिस्तानचे अधिकृत आकडे याच प्रशासकीय व्याख्येतून आलेले आहेत. हद्दीबाहेर वाढलेल्या वस्त्या या आकड्यांत दिसत नाहीत, म्हणून नागरीकरण प्रत्यक्षाहून कमी भासते, असा आक्षेप रझा अली यांनी २००२ मध्येच ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ मधील लेखात नोंदविला होता. या आक्षेपाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पाकिस्तानची राजधानी. इस्लामाबाद राजधानी प्रदेशातील नागरी लोकसंख्येचे प्रमाण १९९८ मध्ये ६५.७ टक्के होते. २०१७ मध्ये ते ५०.६ टक्क्यांवर आले. एकोणीस वर्षांत राजधानी अधिक ग्रामीण झाली, असा याचा शब्दशः अर्थ होतो. वास्तविक आखीव सेक्टरांच्या बाहेर, कागदोपत्री ग्रामीण असलेल्या भागात घरे वाढत गेली आणि ती सगळी ‘ग्रामीण’ रकान्यात जमा झाली.

बांगलादेशात नगरपालिका स्थापन करण्यासाठी २००९ च्या पौरसभा कायद्यात चार अटी आहेत : तीन चतुर्थांश लोक बिगरशेती व्यवसायात, ३३ टक्के जमीन बिगरशेती स्वरूपाची, घनता किमान १,५०० आणि लोकसंख्या किमान ५०,०००. लोकसंख्येची ही अट भारतीय जनगणना नगराच्या अटीच्या दहापट आहे. साहजिकच भारतात जी वस्ती सहज नगर ठरली असती, ती सीमेपलीकडे युनियन परिषदेखालील गाव म्हणून राहते. पश्चिम बंगालमध्ये २००१ मध्ये २५२ जनगणना नगरे होती. २०११ मध्ये ती ७८० झाली. बेनापोलच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांची तुलना करताना हा फरक ध्यानात घेतला नाही, तर सीमेच्या एका बाजूस नागरीकरणाचा पूर आणि दुसऱ्या बाजूस संथ प्रवाह असे भ्रामक चित्र उभे राहते. यातील कोणती व्याख्या बरोबर, हा वाद येथे निरर्थक आहे. प्रत्येक व्याख्या तिच्या देशाच्या कारभारापुरती चालते. अडचण ती दुसऱ्या देशाच्या व्याख्येशेजारी ठेवल्यावर सुरू होते.

भारताच्या स्वतःच्या आकड्यांतही हीच अडचण कालानुक्रमे आढळते. २००१ मध्ये देशाचे नागरी क्षेत्र सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटर होते, २०११ मध्ये ते सुमारे १ लाख २ हजार झाले, म्हणजे एकूण क्षेत्राच्या सुमारे ३.१ टक्के. दहा वर्षांत चोवीस हजार चौरस किलोमीटर शेतजमीन शहरांनी गिळली, असे विधान यावरून केले जाते. परंतु याच दशकात जनगणना नगरांची संख्या १,३६२ वरून ३,८९४ झाली. जनगणनेचा मूळ घटक महसुली गाव असल्यामुळे गाव नगर ठरले की त्याचे सगळे शिवार, म्हणजे उभी पिके, गायरान, ओढे, टेकडी, सगळे ‘नागरी क्षेत्र’ होऊन जाते. उलट नगराच्या हद्दीला चिकटून बाहेर उभी राहिलेली वसाहत, तिचे गाव निकषात बसले नसेल तर, ग्रामीणच राहते. २००१ ते २०११ मधील नागरी लोकसंख्यावाढीपैकी सुमारे ३० टक्के वाढ नव्याने घोषित जनगणना नगरांमुळे झाली, असे के. सी. प्रधान यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. क्षेत्राच्या वाढीतील असा वाटा याहून कमी असण्याचे काही कारण दिसत नाही, कारण या नव्या नगरांची शिवारे जुन्या शहरांच्या तुलनेत विरळ वस्तीची असतात.

महसुली नोंदींचा आधार घेऊनही हा प्रश्न सुटत नाही. भूमी उपयोगाच्या नऊ प्रकारांच्या वर्गीकरणात ‘बिगरशेती उपयोगाखालील जमीन’ हा प्रकार आहे आणि देशात ती सुमारे २ कोटी ६० लाख हेक्टर, म्हणजे जनगणनेच्या नागरी क्षेत्राच्या अडीच पट भरते. मात्र तीत रस्ते, लोहमार्ग, कालवे, नद्यांखालील जमीन आणि खेड्यांची गावठाणेही धरलेली असतात.

कागदावर आटलेले, कागदावर फुगलेले

व्याख्येचा परिणाम किती टोकाला जाऊ शकतो, हे श्रीलंका व नेपाळ या दोन देशांच्या तुलनेत जितके स्पष्ट होते, तितके अन्यत्र क्वचितच होत असेल.

श्रीलंकेत १९८७ पर्यंत महानगर परिषदा, नगर परिषदा आणि लहान शहर परिषदा अशा तीन प्रकारच्या संस्थांचे क्षेत्र नागरी मानले जात असे. १९८१ च्या जनगणनेनुसार नागरी लोकसंख्या २१.५ टक्के होती. १९८७ मध्ये प्रादेशीय सभांचा कायदा झाला. लहान शहर परिषदा रद्द होऊन त्यांचे क्षेत्र प्रादेशीय सभांत विलीन झाले, आणि प्रादेशीय सभा म्हणजे ग्रामीण क्षेत्र, असा जनगणनेचा नियम ठरला. एका रात्रीत अनेक बाजारगावे खेडी झाली. त्यांची दुकाने, बसस्थानके, शाळा, दवाखाने होते तिथेच राहिले. २०१२ च्या जनगणनेत नागरी लोकसंख्या १८.२ टक्के निघाली, म्हणजे तीन दशकांच्या औद्योगिक व सेवाक्षेत्रीय विस्तारानंतर १९८१ पेक्षाही कमी. कोलंबोला लागून असलेल्या गम्पहा जिल्ह्याचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. कटुनायके येथील आंतरराष्ट्रीय विमानतळ व निर्यात प्रक्रिया क्षेत्र याच जिल्ह्यात आहे. २०१२ मध्ये लोकसंख्या सुमारे २३ लाख, घनता दर चौरस किलोमीटरला सतराशेच्या आसपास. तरीही जिल्ह्याची नागरी लोकसंख्या जेमतेम १६ टक्के. बांगलादेशाच्या कायद्यातील घनतेची कडक अट हा संपूर्ण जिल्हा सरासरीनेच पूर्ण करतो, आणि स्वतःच्या देशात मात्र तो खेड्यांचा जिल्हा ठरतो. याशिवाय श्रीलंकेच्या जनगणनेत चहा-रबराच्या मळ्यांचा ‘इस्टेट’ हा तिसरा विभाग आहे. तो ग्रामीणही नाही आणि नागरीही नाही. शेजारी देशांच्या दोन रकान्यांच्या सारणीत तो निमूटपणे ग्रामीण रकान्यात टाकला जातो.

नेपाळचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. २०११ च्या जनगणनेच्या वेळी तेथे ५८ नगरपालिका होत्या आणि त्यांत १७ टक्के लोक राहत होते. २०१४ पासून नव्या नगरपालिका घोषित होऊ लागल्या. २०१५ च्या राज्यघटनेनंतर २०१७ मध्ये स्थानिक कारभाराची पुनर्रचना होऊन देशात ७५३ स्थानिक संस्था झाल्या. त्यांपैकी ४६० गाउँपालिका आणि २९३ नगरपालिका, उपमहानगरपालिका व महानगरपालिका. परिणामी २०२१ च्या जनगणनेत ६६ टक्के लोकसंख्या ‘नगरपालिका क्षेत्रात’ राहत असल्याचे दिसून आले. दहा वर्षांत १७ वरून ६६ टक्के! औद्योगिक क्रांतीच्या काळातील इंग्लंडलाही असा वेग साधला नव्हता, आणि नेपाळमधील तरुणांचा मोठा लोंढा तर या काळात काठमांडूपेक्षा आखाती देश व मलेशियाकडे चालला होता. अनेक जुन्या गाव विकास समित्या जोडून एक नगरपालिका बनविली गेली, की त्यात जंगल, नदीपात्र, डोंगरउतार सर्व आले.

नेपाळच्या सांख्यिकी कार्यालयाचे श्रेय असे, की त्याने हा फुगवटा लपविला नाही. लोकवस्तीच्या घनतेवर आधारित वेगळे वर्गीकरण त्याने प्रसिद्ध केले. त्यानुसार २०२१ मध्ये सुमारे २७ टक्के लोकसंख्या नागरी, ४० टक्के उपनागरी आणि ३३ टक्के ग्रामीण ठरते. एकाच देशासाठी, एकाच वर्षी, एकाच गणनेतून ६६ आणि २७ असे दोन आकडे निघतात. शेजारी देशांशी तुलना करताना यांपैकी कोणता घ्यावा, हे सारणी तयार करणाऱ्याच्या सोयीवर सोडता येणार नाही.

आकाशातून घेतलेले माप

कायद्याच्या व्याख्या अशा लवचिक असल्याने उपग्रहाच्या प्रतिमांकडे वळावे, असे अनेकांना वाटते. उपग्रहाला नगरपालिका व ग्रामपंचायत यांतील भेद कळत नाही, ही त्याची जमेची बाजू मानली जाते. पण नागरी भूमीचा उपग्रहाधारित नकाशा बनवितानाही कोणीतरी, कुठेतरी, ‘एवढे असेल तर शहर’ अशी रेषा ओढावीच लागते. डेव्हिड पोतेरे, अ‍ॅनेमरी श्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा आठ जागतिक नकाशांची तुलना केली. त्यांतील जगाच्या एकूण नागरी भूमीचे अंदाज सुमारे ३ लाख चौरस किलोमीटरपासून ३५ लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरलेले होते. एकाच पृथ्वीच्या दोन मापांत दहापटीहून अधिक अंतर पडावे, हे पुरेसे बोलके आहे. सर्वांत मोठा आकडा देणारा ‘ग्रम्प’ हा नकाशा रात्रीच्या दिव्यांवर आधारलेला होता. जागतिक बँकेच्या ज्या निर्देशकाचा वर उल्लेख आला, तो याच पठडीतील, म्हणजे लोकसंख्या, वस्त्यांची ठिकाणे आणि रात्रीचा प्रकाश यांच्या संयोगातून काढलेला आहे.

रात्रीचा प्रकाश शहराबरोबरच विजेची उपलब्धता, हमरस्त्यावरील दिवे आणि प्रकाशाची आसपास पसरणारी आभा यांचेही माप असते. ‘ग्रम्प’साठी वापरलेल्या प्रतिमा १९९४-९५ च्या होत्या. २००१ च्या जनगणनेनुसार बिहारमध्ये केवळ १०.३ टक्के घरांत प्रकाशासाठी वीज वापरली जात होती, महाराष्ट्रात ७७.५ टक्के घरांत. त्याच्याही आधीच्या प्रतिमांवरून या दोन राज्यांच्या नागरी भूमीची तुलना केली, तर शहरांपेक्षा वीज मंडळांची तुलना होण्याचा संभव अधिक. जे दोन राज्यांबाबत खरे, ते दोन देशांबाबतही खरे आहे.

दिवसाच्या प्रतिमांतील अडचणी वेगळ्या आहेत. पाचशे मीटरच्या चौकटीत अर्ध्याहून अधिक भाग बांधीव असेल तर ती नागरी, असा नियम घेतला की सलग काँक्रीटची शहरे नीट दिसतात. परंतु केरळ, गोवा, श्रीलंकेची नैऋत्य किनारपट्टी किंवा बांगलादेशातील तळी व बांबूच्या बेटांत लपलेल्या वस्त्या झाडांखाली दडतात. गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार नागरी आहे, आणि राज्यातील ७० नगरांपैकी ५६ जनगणना नगरे आहेत. माडांच्या छायेतील ही घरे मोठ्या चौकटीच्या प्रतिमेत हिरवळ म्हणूनच उतरतात. केरळमध्ये जनगणना नगरे एका दशकात ९९ वरून ४६१ झाली, पण आकाशातून पाहणाऱ्यास जमिनीवर एवढा बदल झाल्याची खूण मिळणार नाही. याउलट सिंधमध्ये किंवा राजस्थानच्या वाळवंटात उघडी कोरडी जमीन आणि मातीची घरे यांचा रंग इतका सारखा असतो, की संगणकीय वर्गीकरणात एकाच्या जागी दुसरे घेतले जाते. अलीकडच्या दहा मीटरच्या प्रतिमांनी यांतील काही दोष कमी केले आहेत. तथापि, अधिक बारकाईने घर दिसू लागले म्हणून ते घर शहराचे की खेड्याचे, हे ठरत नाही.

याच अडचणीवर तोडगा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये ‘नागरीकरणाची श्रेणी’ ही पद्धत आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी मान्य केली. एक चौरस किलोमीटरच्या चौकटींत लोकसंख्या वाटून, जिथे सलग चौकटींत १,५०० ची घनता व एकूण ५०,००० लोक असतील ते शहर, आणि ३०० ची घनता व ५,००० लोक असतील तो नगर वा उपनगरी भाग, अशी ही रचना आहे. सर्व देशांना एकच पट्टी लावण्याचा हा प्रयत्न निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु पट्टी एकच असली तरी ती कोणत्या भूमीसाठी घडविली गेली, हा प्रश्न उरतोच. ही पद्धत युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रातील कामातून पुढे आलेली आहे. ३०० ही घनता युरोपातील ग्रामीण भागासाठी फार मोठी आहे. गंगेच्या मैदानात ती अगदी सामान्य आहे. २०११ मध्ये बिहारची सरासरी घनता १,१०६ होती, तर नागरी लोकसंख्या केवळ ११.३ टक्के. बांगलादेशाची सरासरी घनता २०२२ मध्ये १,११९ होती. भाताच्या खाचरांनी वेढलेली, शेतीवरच जगणारी खेडी केवळ दाट आहेत म्हणून नगरांच्या रकान्यात जातात.

या पट्टीचा प्रभाव २०२५ मध्ये ठळकपणे दिसला. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक नागरीकरणविषयक अहवालात त्या वर्षी नवी पद्धत वापरण्यात आली, आणि २०१८ च्या आवृत्तीत पहिल्या क्रमांकावर असलेले टोकियो तिसऱ्या स्थानी गेले. जकार्ता पहिले आणि ढाका दुसरे ठरले. ढाक्याची वाढ खरी आहे, यात शंका नाही. परंतु सात वर्षांत क्रमवारीत झालेली उलथापालथ लोकांच्या स्थलांतराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, रेषा नव्याने ओढल्यामुळे झालेली आहे. जागतिक बँकेच्या २०१५ च्या दक्षिण आशियाविषयक अहवालातील प्रसिद्ध निष्कर्षही याच प्रकारचा आहे. या भागातील नागरीकरण विस्कळीत व छुपे आहे, हे त्याचे निदान मोलाचे आहे. मात्र २०१० मध्ये भारताची सुमारे ५५ टक्के लोकसंख्या शहरसदृश भागात राहते, हा त्यातील आकडा ज्या निर्देशांकावर उभा आहे, त्यात घनतेची अट केवळ १५० आहे आणि दुसरी अट मोठ्या शहरापासूनच्या प्रवासवेळेची. रस्ता सुधारला की खेडे शहरसदृश होते. छुपे नागरीकरण शोधताना दाट खेडेही त्याच जाळ्यात सापडते, याची पुरेशी दखल त्या अहवालात घेतलेली नाही. व्यवसायाची कसोटी, मग ती भारतीय जनगणनेसारखी एकांगी का असेना, पूर्णपणे सोडून देणे दक्षिण आशियाला परवडणारे नाही.

रेषेवर काय अवलंबून असते

हा सगळा वाद केवळ संख्याशास्त्रज्ञांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. भारतात जनगणना नगर हे फक्त जनगणनेपुरते नगर असते. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो. नगररचना विभाग, मलनिस्सारण, अग्निशमन यांची जबाबदारी पेलण्याइतके मनुष्यबळ व उत्पन्न तिच्याकडे नसते. तरीही अनेक ठिकाणी ग्रामस्थच नगरपालिकेला विरोध करतात. घरपट्टी वाढेल, बांधकाम परवानगी अवघड होईल आणि ग्रामीण भागासाठीच्या योजना बंद होतील, अशी त्यांची भीती असते आणि ती निराधार नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याची कामे ग्रामीण क्षेत्रापुरतीच होती.

याहून थेट परिणाम जमिनीच्या मोबदल्यावर होतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण जमिनीच्या बाजारमूल्याला शहरापासूनच्या अंतराप्रमाणे १ ते २ या दरम्यानच्या गुणकाने गुणले जाते, नागरी जमिनीसाठी तो गुणक १ च असतो. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे जमीन ग्रामीण असेल तर मोबदला बाजारमूल्याच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो, नागरी असेल तर दुप्पट. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. २०२१ च्या समावेशाने क्षेत्र सुमारे ३३१ वरून सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले, आणि २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावे वेगळ्या नगरपरिषदेसाठी पुन्हा वगळण्यात आली. ज्याचा ऊस सातबाऱ्यावर तसाच उभा आहे, त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या अधिसूचनांचा अर्थ नकाशापुरता नसतो. शहराच्या वेशीवरील जमिनीच्या किमती आधीच चढ्या असतात, हे खरे. पण तो युक्तिवाद गुणकाने गमावलेली रक्कम भरून देत नाही. ढाक्यातही २०१६ नंतर सोळा युनियन दोन्ही महानगरपालिकांत सामील करण्यात आल्या आणि शहराचे क्षेत्र कागदावर दुपटीहून अधिक झाले.

शाश्वत विकास उद्दिष्टांतील ११.३.१ हा निर्देशक भूमीच्या वापराचा वेग आणि लोकसंख्यावाढीचा वेग यांचे गुणोत्तर मागतो. हे गुणोत्तर एकाहून जास्त असेल, तर शहर लोकांपेक्षा वेगाने जमीन व्यापते आहे असा अर्थ घेतला जातो. शेजारी देशांत यावरून स्पर्धा लावण्याआधी हद्द कशी धरली, हे पाहणे अगत्याचे आहे. पालिकेची हद्द धरली तर पुण्याच्या २०२१ च्या विस्ताराने जमिनीचा वेग अचानक उसळतो, श्रीलंकेत १९८७ नंतर तो उणे होतो. त्यापेक्षा देशांऐवजी शहरांची जोडी घ्यावी, दोन्हींसाठी एकाच उपग्रहाच्या, एकाच वर्षाच्या प्रतिमा घ्याव्यात, बांधीव भागाची सलग कड हीच हद्द मानावी आणि तिच्या आत राहणाऱ्यांचा व्यवसाय वेगळा नोंदवावा. हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाच्या आवाक्यातील आहे. लाहोर व अमृतसर ही जोडी यासाठी नैसर्गिक आहे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, एकच मैदान, एकच कालवा-संस्कृती, १९४७ पर्यंत एकच महसूल व्यवस्था. भारतीय पंजाबची नागरी लोकसंख्या २०११ मध्ये ३७.५ टक्के आणि पाकिस्तानी पंजाबची २०१७ मध्ये सुमारे ३७ टक्के होती. आकडे जवळजवळ जुळतात, मात्र ते दोन वेगळ्या व्याख्यांतून आलेले आहेत आणि त्यांच्यात सहा वर्षांचे अंतर आहे. हे जुळणे योगायोगाचे असण्याची शक्यता नाकारता येत नाही. भारताची २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरल्यामुळे हे अंतर दरम्यानच्या काळात आणखी वाढले आहे. नेपाळच्या २०२१, बांगलादेशाच्या २०२२ आणि पाकिस्तानच्या २०२३ च्या आकड्यांशेजारी भारताचा २०११ चा आकडा टाचून तयार केलेल्या सारण्या म्हणूनच विशेष सावधपणे वाचाव्या लागतात.

लाहोरच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच निकडीची आहे. रावी नदीच्या काठाने नवे शहर वसविण्याच्या, २०२० मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पासाठी एक लाख एकरांहून अधिक क्षेत्र आखण्यात आले. त्यातील मोठा भाग पिकाखालची जमीन होती. संपादनासाठी आधार होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा, जो भारताने २०१३ मध्ये बदलला आणि पाकिस्तानात वापरात राहिला. शेतकऱ्यांच्या याचिकांवर लाहोर उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये या योजनेच्या कायद्यातील तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती देऊन आधीच ताब्यात आलेल्या जमिनीवर काम करण्यास मुभा दिली. त्या वर्षी उपग्रहाच्या प्रतिमेत तेथे मोठ्या प्रमाणावर गहू आणि भाजीपाल्याची शेते होती, प्राधिकरणाच्या नकाशात तेच क्षेत्र शहर होते, आणि जनगणनेच्या यादीत त्यातील बराच भाग ग्रामीण मौजांचा होता.